लाल्या आणि अशक्तपणा

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण. बैठकीला न आलेल्या गावांसाठी छापत आहोत.)



कापसाच्या भावाची चर्चा बाजूला ठेवून हा माणूस म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावर काय बोलणार, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मागच्या दोन महिन्यांत ज्या ज्या गावात बैठक झाली, तिथे बैठक उठल्यावर कोणी ना कोणी मला बाजूला घेतले. कोणी विचारले, "बापाला ताकदीची कोणती बाटली द्यावी?" कोणी आईच्या गुडघ्यासाठी आणलेली पुडी दाखवली. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. पण घराघरात बाटल्यांवर आणि पुड्यांवर जाणारा पैसा पाहिला, तेव्हा वाटले की यावर उघड बोलले पाहिजे. जे सांगतो ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि माझ्या घरात भोगून सांगतो.

पान लाल झाले म्हणजे काय झाले?

पऱ्हाटीला बोंडे धरायची वेळ येते आणि पाने कडेने लाल पडू लागतात. आपण म्हणतो, लाल्या आला. मग कृषी केंद्रावर जातो. दुकानदार एक टॉनिक देतो, एक झिंक देतो, वर एक कीटकनाशक देतो. तिन्ही एका पंपात घालून आपण फवारतो. मी स्वतः शिक्षण संपल्यावर दोन हंगाम अशाच काउंटरच्या आत उभा होतो. रोप न बघता बाटल्या काढून दिल्या आहेत. ते आज कबूल करतो.

लाल्या हा एक रोग नाही. मॅग्नेशियम कमी पडले तरी पान लाल होते. नत्र कमी पडले, रात्रीचा गारठा वाढला, पाण्याचा ताण पडला, मुळाशी पाणी साचले, तुडतुडे लागले, तरी पान लालच होते. तुडतुड्याने लाल झालेल्या पानावर मॅग्नेशियम सल्फेट फवारून काय होणार? पैसा जाईल आणि तुडतुडा रस पीत राहील. म्हणून आधी पान उलटून बघायचे, माती तपासायची आणि मग खिशात हात घालायचा.

म्हातारपणचा अशक्तपणा अगदी असाच आहे. "अंगात जीव नाही, पाय ओढत नाहीत, जेवण जात नाही" ही तक्रार एकच, कारणे दहा. रक्त कमी असेल. साखर वाढली असेल. क्षयरोग असेल. थायरॉइड, हृदय, मूत्रपिंड यांपैकी काही बिघडले असेल. दात पडल्यामुळे चावता येत नसेल. जोडीदार गेल्यापासून मन लागत नसेल. या सगळ्यांवर आपण एकच लाल बाटली आणतो. दोन आठवडे खोकला आणि उतरत चाललेले वजन असलेल्या माणसाला तीन महिने टॉनिक पाजले, तर त्या तीन महिन्यांत क्षयरोग त्याचे फुप्फुस खातो आणि घरातल्या नातवंडांनाही लागतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयाचे औषध फुकट मिळते. टॉनिकला मात्र पैसे पडतात.

माझ्या घरातली पुडी

आता घरचे सांगतो. माझी आई तेव्हा ६८ वर्षांची होती. आयुष्यभर निंदण आणि वेचणी करून तिचे गुडघे गेले होते. आठवडी बाजारात एक माणूस बसायचा. जडीबुटीची पुडी, साधे देशी औषध, कसलाही अपाय नाही, असे सांगून विकायचा. आईने पुडी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी ती काठी न घेता विहिरीपर्यंत गेली. आम्ही सगळे खूश. महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, "म्हातारी भरली." भूक वाढली. आम्हाला वाटले, औषध अंगी लागले.

सात महिन्यांनी पायाला काटा लागला, ती जखम भरेना. पुढे पावसाळ्यात बाजार भरला नाही, पुडीवाला आला नाही आणि पुडी एकदम बंद पडली. चार दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, उठून बसवेना, डोळे फिरले. बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईचा चेहरा पाहिला, पोटावर नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणती पुडी चालू होती?"

त्यांनी समजावले ते असे. सांध्यांच्या अशा चमत्कारी पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. स्टेरॉइड हे खरे औषध आहे, काही आजारांत ते जीव वाचवते. पण न सांगता महिनोन्महिने पोटात गेले तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे पोकळ होतात, जखमा भरत नाहीत. आणि शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. मग पुडी अचानक तोडली की माणूस कोसळतो. म्हणून अशी पुडी चालू असेल तर ती घाबरून एका दिवसात बंद करू नका. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

आई वाचली. पण पाठीचा मणका दबला आणि ती वाकली ती वाकलीच. मला लागले ते वेगळेच. मी गावोगाव सांगत फिरतो की पक्क्या बिलाशिवाय बियाणे घेऊ नका, लेबल वाचा, लॉट नंबर बघा, पिशवी जपून ठेवा. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या पोटात सात महिने बिल नसलेला, लेबल नसलेला माल जात होता. पऱ्हाटीला जेवढे जपले तेवढे आईला जपले नाही.

सलाइनचा हिशेब

आपण उत्पादन खर्चाचा हिशेब करणारी माणसे आहोत. मग सलाइनच्या बाटलीचाही हिशेब मांडू. म्हातारा थकला की "एक बाटली लावून द्या" असे आपणच डॉक्टरला सांगतो. नेहमीची अर्ध्या लिटरची ग्लुकोज-सलाइनची बाटली घ्या. तिच्यात ५ टक्के ग्लुकोज, म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे पाच चमचे साखर. मीठ ०.९ टक्का, म्हणजे साडेचार ग्रॅम. बाकी पाणी. त्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरीच्या आसपास. सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी याच्या दुप्पट ऊर्जा देते आणि वर सहा-सात ग्रॅम प्रथिने देते, जी सलाइनमध्ये नावालाही नाहीत.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दिवसभराचे मीठ थेट रक्तात गेले. ज्याचे हृदय कमजोर आहे, त्याला यानेच दम लागू शकतो. हगवण-उलट्या झाल्या, ऊन लागले, तोंडाने पाणी जात नाही, तेव्हा सलाइन जीव वाचवते, ती जरूर लावावी. पण थकव्यावर सलाइन म्हणजे ओल असलेल्या रानात पाणी सोडणे.

कापसाचा मुलूख आणि एक जुना रोग

आता जीवनसत्त्वांकडे येतो. त्यासाठी तुम्हाला कापसाच्याच दुसऱ्या एका मुलखात नेतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. उन्हाचा भाग असलेली मान आणि हात भाजल्यासारखे काळे पडत, जुलाब लागत, पुढे माणूस भ्रमिष्ट होई आणि मरे. डॉक्टर म्हणत, हा संसर्ग आहे. १९१४ साली तिथल्या सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला धाडले. त्यांनी अनाथाश्रम आणि वेड्यांची इस्पितळे पाहिली. रोग आत राहणाऱ्यांना होई, पण त्यांची देखभाल करणाऱ्या नोकरांना होत नसे. संसर्ग असा माणूस बघून लागतो का? फरक होता तो ताटात. आतल्यांना मक्याचे पीठ आणि काकवी, नोकरांना दूध आणि मांसही. गोल्डबर्गर यांनी मुलांच्या ताटात दूध, अंडी, कडधान्य वाढवले आणि रोग हटला. १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना त्यांच्या संमतीने फक्त मका-काकवीसारख्या अन्नावर ठेवले, तर निरोगी कैद्यांना रोग झाला.

हे अन्न खाणारे कोण होते? कापूस पिकवणारे कुळवाडी आणि सूतगिरण्यांचे मजूर. दारापर्यंत कापूस पेरलेला, भाजीला वाफा नाही, गाय नाही, सावकाराच्या दुकानातून उधारीवर मक्याचे पीठ. १९२० साली कापसाचे भाव कोसळले, तेव्हा गोल्डबर्गर यांनी इशारा दिला की आता पेलाग्रा वाढणार. भाव पडला की ताट रिकामे होते आणि ताट रिकामे झाले की रोग येतो, हे एका डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. पुढाऱ्यांना ते तेव्हाही आवडले नाही. ज्या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो रोग होई ते, म्हणजे नायासिन, १९३७ साली सापडले. गोल्डबर्गर १९२९ सालीच वारले होते.

आणि हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये होता. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केले आणि ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवले. त्यावर पुढे वाद झाले, ते शास्त्रज्ञांवर सोडू. आपल्यासाठी त्यातले शहाणपण साधे आहे. ज्वारी वाईट नव्हे, एकटी ज्वारी वाईट. भाकरीबरोबर घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक, एखादे अंडे असले की प्रश्न उरत नाही. शेंगदाण्यात नायासिन भरपूर आहे.

मग आपल्या घरात एकटी भाकरी कोण खाते? सगळ्यांचे झाल्यावर, तळाला राहिलेल्या पातळ वरणाच्या पाण्यात भाकरी कुस्करून म्हातारी खाते. दात नाहीत, म्हणून शेंगदाणे बंद. नको म्हणते, म्हणून दूध नातवाला. तिला टॉनिकची बाटली आणण्याआधी शेंगदाण्याचे बारीक कूट, मऊ शिजवलेली तूर-मूग, मेथी किंवा शेवग्याचा पाला आणि वाटीभर ताक तिच्यापुढे आधी ठेवा.

कमतरता खरी असते, पण मोजून

याचा अर्थ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळ्या खोट्या असा नाही. दोन गोष्टी नीट ऐका.

पहिली, ब-१२. हे धान्यात, डाळीत, भाजीत नाही. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांत आहे. माळकरी म्हातारा दूधही पीत नसेल, तर कमतरता होणारच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तरीही ब-१२ घटू शकते. पायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, रक्त कमी होणे ही लक्षणे. रक्त तपासून कमी निघाले तर गोळी किंवा इंजेक्शन घ्या, ते स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. उशीर केला तर नसांचे नुकसान भरून येत नाही.

दुसरी, ड. हे उन्हाने कातडीत तयार होते, पण वय वाढले की कातडी कमी बनवते. खोलीत खाटेवर पडून असलेल्या माणसाला ते कमी पडते. हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे उन्हात बसवा, उन्हाळ्यात सकाळी लवकर. मात्र ड जीवनसत्त्वाचे सहा लाख युनिटचे इंजेक्शन "हाडे मजबूत होतात" म्हणून दर महिन्याला टोचून घेऊ नका. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात. युरिया जास्त झाला की पीक जळते, तसे ड जास्त झाले की रक्तात कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंड बिघडते.

कॅल्शियमसाठी चुना खाण्याची टूम निघाली आहे. चुन्याने तोंड पोळते. तीळ, दूध-ताक, हिरवा पाला यांतून कॅल्शियम घ्या.

झाडपाला, शेक आणि इतर

झाडपाल्याला मी नावे ठेवत नाही. निर्गुडीचा पाला गरम करून शेकला, तेल लावून हलक्या हाताने चोळले, तर दुखणाऱ्या गुडघ्याला आराम पडतो, खिशाला आणि जिवालाही अपाय नाही. जिथे शिकलेला वैद्य नाडी बघून, लेखी औषध देऊन, बिल देतो, तिथे जायला हरकत नाही. पण डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालून मोतीबिंदू उतरत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते.

लकवा मारला तर मुळीवाल्याकडे नेऊ नका. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात उचलेना, बोबडी वळली, की १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच चालते. आपण तो वेळ मुळी शोधण्यात घालवतो.

अंगदुखीच्या गोळीबद्दल एक गोष्ट सांगतो. आपल्या रानातली गिधाडे कुठे गेली? जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण हीच गोळी वेचणीच्या हंगामात रोज घेतली, तर म्हाताऱ्या माणसाच्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडही जाऊ शकते. ज्याला रक्तदाब किंवा साखर आहे त्याला अधिक धोका. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

घरी काय कराल?

आता कामाच्या गोष्टी.

रक्तदाब आणि साखर वर्षातून दोनदा तपासा. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. गोळी सुरू झाली तर "बरे वाटते" म्हणून बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करा. खर्रा, तंबाखू, मिस्री सोडा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू ज्याची त्यालाच सोडावी लागते. तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा.

वय झाले की तहान कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात म्हाताऱ्यांना तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक देत राहा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यावे ते डॉक्टरांना विचारा.

रात्री उठताना पडून खुबा मोडतो आणि माणूस खाट धरतो. म्हणून मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा, उंबऱ्याजवळची अवजारे हलवा, काठी हाताशी द्या. आणि रोज थोडे चालवा.

फवारणीचे औषध आणि पोटात घ्यायचे औषध एका फळीवर ठेवू नका. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

आणि हक्काचे सोडू नका. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनाशुल्क केले गेले. ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड मिळते. आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या. आजारपण आल्यावर धावाधाव नको.

गावोगाव एवढे करा

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गाव शाखेने तीन कामे करायची आहेत. साठीच्या वरच्या सगळ्यांची नावे लिहा आणि उपकेंद्रावर एक दिवस ठरवून त्यांचा रक्तदाब आणि साखर मोजून घ्या. ज्या घरात सांध्यांची पुडी चालू आहे, तिथे जाऊन पुडी डॉक्टरांना दाखवायला लावा. आणि बाजारात बिल आणि लेबल नसलेले औषध विकणारा दिसला, की जसे बोगस बियाणेवाल्याला विचारतो तसे त्याला विचारा, "यात काय आहे ते लिहून देतोस का?" लिहून देणार नसेल तर त्याचे औषध घेऊ नका.

कोणी म्हणेल, हे सगळे केले की भावाचा लढा कशाला? लढा तर हवाच. वरणाला तूर, ताकाला म्हैस, दवाखान्यात जायला एसटीचे भाडे, हे सगळे कापसाच्या पैशातून येते. त्या पैशासाठी आपण इथे जमलो आहोत. पण तो हातात आल्यावर बाजारातल्या पुडीवाल्याला देऊन येऊ नका. आपल्यासाठी ज्यांनी चाळीस वर्षे कापूस वेचला, त्यांच्या ताटासाठी तो राखून ठेवा.

आज घरी गेल्यावर आधी आईच्या उशाखाली काय काय ठेवले आहे ते बघा. एवढे सांगून थांबतो.